विश्लेषण : जुने ‘१०८० टीआय’ की नवे ‘ए २०००’? ग्राफिक्स कार्डाचे वय ठरवते कोण?

एक कार्ड २०१७ मधले, गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेले, जवळपास फूटभर लांब आणि अडीचशे वॅट वीज खाणारे. दुसरे २०२१ मधले, अभियंते आणि डिझायनर यांच्या संगणकासाठी बनवलेले, वीतभरही नसलेले आणि सत्तर वॅटमध्ये भागवणारे. कागदावरच्या आकड्यांत जुने कार्ड आजही पुढे आहे. तरीही कामासाठी संगणक जुळवणाऱ्याने आज ते विकत घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. आणि नव्या कार्डावर ‘वर्कस्टेशन’ असा शिक्का आहे म्हणून डोळे झाकून पैसे मोजावेत का, याचेही उत्तर ‘नाही’च आहे. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी कशी, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. कारण वापरलेल्या सामानाच्या बाजारात हीच दोन कार्डे मर्यादित पैसे हाती असलेल्या विद्यार्थ्यासमोर किंवा दोन-तीन जणांच्या स्टुडिओसमोर येऊन उभी राहतात.

ही दोन कार्डे कोणती?

पहिले ‘जीफोर्स जीटीएक्स १०८० टीआय’. एनव्हिडिया कंपनीने ते मार्च २०१७ मध्ये ६९९ डॉलरला बाजारात आणले. ‘पास्कल’ या पिढीतील ‘जीपी १०२’ ही चिप, ३५८४ कोअर, ११ जीबी मेमरी आणि २५० वॅटची कमाल गरज. त्या काळी घरच्या संगणकात बसवता येणाऱ्या सर्वात ताकदवान कार्डांत त्याची गणना होत असे आणि आजही अनेक संगणकांत ते निमूटपणे काम करते आहे.

दुसरे ‘आरटीएक्स ए २०००’. हेही एनव्हिडियाचेच. कंपनीने व्यावसायिक कार्डांना वर्षानुवर्षे दिलेले ‘क्वाड्रो’ हे नाव २०२० मध्ये बाजूला ठेवले. त्यानंतर आलेल्या मालिकेतले हे धाकटे कार्ड ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. ‘अँपिअर’ पिढीतील ‘जीए १०६’ ही चिप, ३३२८ कोअर आणि ७० वॅटची कमाल गरज. आधी ६ जीबी मेमरीची आवृत्ती साधारण ४४९ डॉलरला आली, मग त्याच वर्षी १२ जीबीची आवृत्ती निघाली. जुन्या कार्डाशी तुलना करायची तर १२ जीबीचीच आवृत्ती समोर ठेवणे रास्त ठरेल.

आकड्यांत पुढे कोण?

सरळ आकडे पाहिले तर जुने कार्ड. ग्राफिक्स कार्डाची ताकद मोजण्याचे एक प्रचलित माप म्हणजे ‘टेराफ्लॉप’. सेकंदाला एक लाख कोटी दशांश गणिते म्हणजे एक टेराफ्लॉप. १०८० टीआय सुमारे ११.३ टेराफ्लॉपपर्यंत जाते, ए २००० सुमारे ८ पर्यंत. जुन्याची आघाडी चाळीस टक्क्यांची.

मेमरीच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो. जुन्या कार्डाची मेमरी सेकंदाला ४८४ जीबी माहिती चिपपर्यंत पोहोचवते, नव्याची २८८ जीबी. याचे कारण रस्त्याच्या रुंदीत आहे. मेमरी आणि चिप यांच्यामधला मार्ग जुन्या कार्डात ३५२ बिट रुंद आहे, नव्यात १९२ बिट. नव्या कार्डावरची मेमरी पुढच्या पिढीची असली, तरी अरुंद रस्त्यावरून तेवढी वाहतूक होत नाही.

‘वर्कस्टेशन कार्ड म्हणजे शास्त्रीय गणितांसाठी उत्तम’ हा समजही इथे टिकत नाही. अतिअचूक, म्हणजे ६४ बिटच्या गणितांत दोन्ही कार्डे कमजोरच आहेत. जुन्याचा वेग अशा गणितात मूळ वेगाच्या ३२ व्या भागावर येतो, नव्याचा ६४ व्या भागावर. हिशेब केला तर इथेही जुने कार्ड जवळपास पावणेतीन पट पुढे निघते.

मग कोअरची संख्या का फसवते?

३५८४ आणि ३३२८ हे आकडे शेजारी ठेवले की दोन्ही कार्डे जवळपास सारखीच वाटतात. पण दोन पिढ्यांमध्ये ‘कोअर’ या शब्दाचा अर्थच बदललेला आहे. अँपिअर पिढीत कोअरच्या प्रत्येक गटातील निम्मे कोअर फक्त दशांश गणिते करतात आणि उरलेले निम्मे कधी दशांश, कधी पूर्णांक. पास्कलमध्ये दोन्ही प्रकारची गणिते त्याच कोअरवर होत असत. त्यामुळे कामात पूर्णांक गणिते किती आहेत, यावर कोणत्या कार्डाचे किती कोअर खरोखर हाताशी राहतात ते ठरते. शिवाय ७० वॅटच्या मर्यादेत राहायचे म्हणून ए २००० ची चिप मुद्दाम सावकाश चालवली जाते.

थोडक्यात, वेगवेगळ्या पिढ्यांच्या कार्डांतील कोअर मोजून खरेदी करणे म्हणजे दोन गावांतल्या घरांच्या खोल्या मोजून किंमत ठरवण्यासारखे आहे. खोली केवढी आणि तिचा उपयोग काय, हे मोजणीत येतच नाही.

नव्यात असे काय आहे, जे जुन्यात नाहीच?

दोन गोष्टी. पहिली, ‘रे ट्रेसिंग’साठीचे स्वतंत्र भाग. प्रकाशाचा किरण कोणत्या वस्तूवर आपटतो, तिथून कुठे वळतो, हे लाखो किरणांसाठी मोजून चित्र तयार करण्याची ही पद्धत आहे. ए २००० मध्ये केवळ त्या मोजणीसाठी २६ भाग राखून ठेवले आहेत. दुसरी गोष्ट ‘टेन्सर कोअर’. आकड्यांचे मोठे तक्ते एकमेकांशी गुणण्याचे काम ते करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे बहुतेक गणित याच गुणाकारांचे असते. असे १०४ कोअर ए २००० मध्ये आहेत. १०८० टीआयमध्ये या दोहोंपैकी काहीच नाही. कारण असे भाग एनव्हिडियाच्या सर्वसामान्य ग्राहकांच्या कार्डांत आले तेच मुळी २०१८ मध्ये.

याचा परिणाम कामात लगेच दिसतो. ब्लेंडर या मोफत त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये अंतिम चित्र तयार करताना हे स्वतंत्र भाग वापरले जातात, आणि तिथे टेराफ्लॉपमध्ये मागे असलेले ए २००० पुढे निघून जाते. इमारतीचे किंवा फर्निचरचे वास्तवासारखे चित्र ग्राहकाला दाखवणाऱ्या डिझायनरसाठी हा फरक थेट वेळेचा असतो. एव्ही १ या नव्या पद्धतीने साठवलेला व्हिडीओ नवे कार्ड स्वतः उलगडते. जुन्या कार्डाला ते जमत नाही, भार प्रोसेसरवर पडतो.

गेमच्या जगात तर दार बंद होऊ लागले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ हे दोन्ही गेम रे ट्रेसिंगचे हार्डवेअर असल्याशिवाय चालत नाहीत. १०८० टीआयमध्ये कितीही बळ असले तरी या दारातून आत जाता येत नाही. इतर असंख्य गेममध्ये मात्र ते आजही ए २००० च्या तोडीचे, अनेकदा सरस ठरते. केवळ पूर्वीचे गेम खेळणाऱ्याला त्याच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

‘वर्कस्टेशन’ या शब्दाचे पैसे कशासाठी?

हा प्रश्न ग्राहकाने सर्वात आधी विचारायला हवा. कारण ए २००० ज्या चिपवर बेतलेले आहे, तीच ‘जीए १०६’ चिप ‘जीफोर्स आरटीएक्स ३०६०’ या गेमिंग कार्डातही आहे. ते कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरला आले. त्यात कोअर ३५८४, म्हणजे ए २००० पेक्षा जास्त. मेमरी सुरुवातीपासून १२ जीबी. मेमरीचा वेग ३६० जीबी, तोही जास्त. वेग सुमारे १२.७ टेराफ्लॉप. चिप तीच, वेग अधिक, किंमत कमी. मग वर्कस्टेशन कार्डात जास्तीचे काय मिळते?

एक, कमी वीज. ३०६० ला १७० वॅट लागतात, ए २००० ला ७०. दोन, ‘ईसीसी’ मेमरी. मेमरीत क्वचित एखादा बिट आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. ईसीसी अशी चूक पकडून दुरुस्त करते. पुलाच्या आराखड्यावरचे ताण रात्रभर मोजणाऱ्याला त्याचे मोल आहे. व्हिडीओ संपादन करणाऱ्याला एखाद्या ठिपक्याचा रंग क्षणभर चुकला तर कळणारही नाही. ही सोय सुरू केली की मेमरीचा काही भाग तिच्यासाठीच खर्च होतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

तीन, प्रमाणपत्र. सॉलिडवर्क्स, कटिया यांसारखी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या ठरावीक कार्ड आणि ठरावीक ड्रायव्हर यांची जोडी तपासून ‘चालते’ असे लिहून देतात. कारखान्यात शंभर अभियंते तेच सॉफ्टवेअर वापरत असतील, तर अडचण आल्यावर ‘तुमचे कार्ड आमच्या यादीत नाही’ हे उत्तर कंपनीला परवडत नाही. तिथे जास्तीचे पैसे योग्यच आहेत. ते कार्डाच्या वेगासाठी नसतात, जबाबदारी कोणाची हे आधी ठरवून ठेवण्यासाठी असतात.

पण या पैशांचा एक भाग निव्वळ कृत्रिम भिंतीसाठीही जातो, हे इतिहास सांगतो. १०८० टीआयची जी चिप, तीच चिप ‘टायटन एक्सपी’ या एप्रिल २०१७ मध्ये १२०० डॉलरला आलेल्या कार्डात पूर्ण क्षमतेने, ३८४० कोअरसह होती. महागड्या ‘क्वाड्रो पी ६०००’ मध्येही तीच. जून २०१७ मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीने व्यावसायिक कामाकडे झुकणारे ‘व्हेगा फ्रंटिअर एडिशन’ आणले. त्यानंतर काही आठवड्यांतच, जुलैअखेरीस, एनव्हिडियाने टायटन एक्सपीसाठी नवा ड्रायव्हर दिला आणि ‘माया’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेग तिपटीपर्यंत वाढेल असे जाहीर केले. चिप तीच होती, कार्डही तेच होते. वेग आधीपासून आतच होता, त्याची किल्ली फक्त कंपनीच्या खिशात होती. २०१९ मध्ये व्यावसायिक सॉफ्टवेअरमधील ३० बिट रंगांची सोय गेमिंग कार्डांनाही ड्रायव्हरमधूनच खुली झाली. त्याआधी ती व्यावसायिक कार्डांच्या विक्रीचे एक कारण होती.

म्हणून ‘वर्कस्टेशन’ हा शब्द गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानू नये. तो सेवांच्या एका गठ्ठ्याचा दर आहे. गठ्ठ्यातल्या कोणत्या वस्तू आपल्याला लागणार, हे पाहूनच तो घ्यावा.

वीज आणि जागा यांचा हिशेब काय?

इथे ए २००० ची बाजू निर्विवाद आहे. मदरबोर्डवरच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. ए २००० तेवढ्यातच भागवते, त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही. १०८० टीआयला मात्र सहा पिनची एक आणि आठ पिनची एक अशा दोन जोडण्या आणि कंपनीच्या शिफारशीनुसार ६०० वॅटचा पॉवर सप्लाय लागतो. कार्यालयांतून बाहेर पडलेले छोटे, नूतनीकरण केलेले संगणक स्वस्तात घेऊन त्यात कार्ड बसवायचा विचार असेल, तर जुन्या कार्डाचा प्रश्न दारातच निकाली निघतो. त्या खोक्यात ते मावतही नाही आणि तिथल्या पॉवर सप्लायला ते झेपतही नाही.

विजेचे बिल पाहू. दोन्ही कार्डे पूर्ण क्षमतेने रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस चालली, तर फरक १८० वॅटचा, म्हणजे वर्षाला ४३२ युनिटचा. युनिटमागे दहा रुपये धरले तर ४,३२० रुपये, तीन वर्षांत जवळपास तेरा हजार. ए २००० ला तेच काम करायला जास्त वेळ लागेल, हा आक्षेप बरोबर आहे. पण टेराफ्लॉपच्या हिशेबाने चाळीस टक्के वेळ जास्त धरला, तरी त्या कामाला लागणारी एकूण वीज जुन्या कार्डाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच राहते. दिवसातून तासभर गेम खेळणाऱ्यासाठी हा फरक किरकोळ आहे. रात्रभर चित्रे तयार करत बसणाऱ्या स्टुडिओसाठी ती वर्षाकाठी ठरलेली वजावट आहे.

महाराष्ट्रातल्या लहान शहरांत आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. वीज गेल्यावर संगणक सांभाळणारा घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. १०८० टीआय एकटेच २५० वॅट घेत असताना प्रोसेसर आणि पडदा धरून हा आकडा सहज ओलांडला जातो. म्हणजे कामाच्या ऐन भरात वीज गेली, तर ज्या क्षणासाठी यूपीएस घेतला त्याच क्षणी तो हात टेकणार. कार्डाच्या किमतीत मोठ्या यूपीएसची किंमतही मिळवावी लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी कोणते बरे?

हा प्रश्न आता बहुतेक विद्यार्थी विचारतात आणि त्याचे उत्तर दोन तुकड्यांत द्यावे लागते. घरच्या संगणकावर भाषेचे तयार प्रारूप चालवायचे असेल, तर प्रत्येक नवा शब्दांश लिहिताना कार्डाला जवळपास संपूर्ण प्रारूप मेमरीतून एकदा वाचावे लागते. प्रारूप ६ जीबीचे असेल तर ४८४ जीबी वेगाचे जुने कार्ड सेकंदाला जास्तीत जास्त ८० शब्दांश लिहू शकेल, २८८ जीबी वेगाचे नवे ४८. ही केवळ वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षातला वेग कमीच असतो. पण दिशा स्पष्ट आहे. या कामात आठ वर्षांपूर्वीच्या रुंद रस्त्याचा फायदा आजही मिळतो.

दुसरा तुकडा वेगळा आहे. लांबलचक मजकूर आधी वाचून समजून घेणे, चित्रे तयार करणे, स्वतःच्या माहितीवर प्रारूपाला शिकवणे ही गुणाकारांची कामे आहेत. ती १६ बिटच्या कमी अचूकतेच्या गणितांत उरकली जातात. १०८० टीआयचा वेग नेमका अशा गणितात मूळ वेगाच्या ६४ व्या भागावर कोसळतो. त्यामुळे त्याला ती गणिते ३२ बिटमध्येच करावी लागतात. ए २००० मधील टेन्सर कोअर त्यासाठीच बनलेले आहेत. थोडक्यात, तयार प्रारूप वापरून पाहणाऱ्याचे जुन्यावर भागते, शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे भागत नाही.

२०२५ मध्ये असे काय घडले?

इतकी वर्षे या तुलनेत जुन्या कार्डाचे पारडे बऱ्यापैकी जड होते. २०२५ मध्ये ते वर गेले. याचे कारण कार्डात काही बिघडले असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एनव्हिडियाने ‘क्युडा १३’ ही आपल्या प्रोग्रॅमिंग साधनांची नवी आवृत्ती आणली आणि तिच्यातून मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तीन पिढ्या वगळल्या. पाठोपाठ ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणे थांबले. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील.

याचा अर्थ १०८० टीआय बंद पडेल असा नाही. जे सॉफ्टवेअर आज चालते, ते उद्याही चालेल. पण क्युडा १३ वर बांधलेले नवे सॉफ्टवेअर त्याला ओळखणार नाही. जुनी आवृत्ती शोधून, ती तशीच गोठवून काम करत राहावे लागेल. हौशी माणूस ते आनंदाने करतो. ज्याला शुक्रवारी ग्राहकाला काम द्यायचे आहे, त्याला ते परवडत नाही.

‘वर्कस्टेशन’ हा शिक्काही यातून वाचवत नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे. व्होल्टा पिढीतले ‘टायटन व्ही’ २०१७ च्या अखेरीस २,९९९ डॉलरला विकले गेले होते. पास्कल पिढीतील क्वाड्रो कार्डेही १०८० टीआयच्याच रांगेत उभी आहेत. रेषा आखताना कंपनी किंमत पाहत नाही, पिढी पाहते. ए २००० आज रेषेच्या अलीकडे आहे, ते केवळ नंतर जन्मले म्हणून.

एनव्हिडियाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मार्च २०१७ ते ऑक्टोबर २०२५ म्हणजे साडेआठ वर्षांहून अधिक काळ पूर्ण पाठिंबा मिळाला. या व्यवसायात ही मुदत वाईट म्हणता येणार नाही. तक्रार मुदतीच्या लांबीबद्दल नाही, ती आधी न सांगण्याबद्दल आहे. २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ साठी आणि २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षे अद्ययावत सॉफ्टवेअर देण्याचे वचन विक्रीच्या पहिल्या दिवशीच दिले. फोन घेणारा ती तारीख पाहून निर्णय घेऊ शकतो. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर मेमरी, कोअर, पंखे सगळे छापलेले असते, फक्त ही तारीख नसते. ज्या वस्तूचा उपयोग ड्रायव्हरवर अवलंबून आहे, तिच्या खोक्यावर ड्रायव्हर कधीपर्यंत मिळेल हे छापणे कंपन्यांना बंधनकारक असायला हवे. दुधाच्या पिशवीवर जी माहिती असते, ती हजारो रुपयांच्या कार्डावर नसावी, हे पटणारे नाही.

वापरलेले घेताना काय पाहावे?

१०८० टीआय आता वापरलेलेच मिळणार. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते चलन ‘खणणे’ संपले. त्यासाठी अहोरात्र राबलेली कार्डे मग वापरलेल्या सामानाच्या बाजारात आली. अशा कामात चिपपेक्षा मेमरी आणि पंखे जास्त झिजतात. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ओळखीच्याकडून, कार्ड किमान अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावरचे ठिपके पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वापरलेले ए २००० घेताना वेगळी काळजी लागते. ६ जीबी आणि १२ जीबी या आवृत्त्या बाहेरून सारख्याच दिसतात, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये मेमरी तपासावी. मागची धातूची पट्टी आपल्या खोक्याच्या उंचीची आहे का, ते पाहावे. आणि या कार्डाला चार छोटे डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय नाही. घरचा पडदा जोडायला अडॅप्टर घ्यावा लागेल.

मग कोणी काय घ्यावे?

ज्याच्याकडे १०८० टीआय आधीपासून आहे आणि काम अडत नाही, त्याने ते वापरत राहावे. चालू वस्तू फेकून नवी आणण्यात शहाणपण नाही. २०२८ पर्यंतच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळणारच आहेत. पण कामासाठी आज नव्याने पैसे घालून ते घेऊ नये, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. त्यात बळ उरले आहे, मुदत उरलेली नाही.

ए २००० तीनच परिस्थितींत घ्यावे : खोका लहान आणि पॉवर सप्लाय तोकडा असेल, सॉफ्टवेअर प्रमाणित कार्ड मागत असेल, किंवा वीज आणि यूपीएस यांची मर्यादा खरोखर जाचक असेल. यांपैकी एकही अट लागू नसेल, तर त्याच चिपचे किंवा नंतरच्या पिढीचे साधे जीफोर्स कार्ड कमी पैशात जास्त काम देते. आणि ज्याचे काम मुख्यतः ऑटोकॅडमधील द्विमितीय नकाशांचे आहे, त्याने दोन्ही कार्डांचा नाद सोडून ते पैसे चांगल्या प्रोसेसरवर आणि मेमरीवर घालावेत. त्या कामाचा बराचसा भार ग्राफिक्स कार्डावर पडतच नाही.

दुकानदार ‘कोणते वेगवान’ हे सांगेल आणि बहुधा खरेच सांगेल. ग्राहकाने त्यापुढे आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : माझे सॉफ्टवेअर या कार्डाचा कोणता भाग वापरते, माझ्या घरची वीज आणि खोका त्याला पुरेसा आहे का, आणि हे कार्ड कोणत्या पिढीचे आहे. तिसरा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो. पास्कलच्या बाबतीत जे २०२५ मध्ये घडले, ते अँपिअरच्या बाबतीतही कधी तरी घडणारच आहे. तो दिवस कोणता, हे खोक्यावर छापले जात नाही तोवर कार्डाची पिढी पाहून अंदाज बांधणे एवढेच ग्राहकाच्या हाती उरते.